झोपाळ्याच्या चार कड्या

नारायणगुडा, हैदराबाद
(राज्याचं नाव तूर्त रिकामं सोडते)
२० ऑक्टोबर १९५६

तीर्थस्वरूप पद्मावतीवन्सं यांना निर्मलाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, म्हणून सध्या कागदावरच.) आपला दमा औरंगाबादच्या हवेत बरा असेल अशी आशा करते. घरात बोलायला कोणी नाही, असं आपण लिहिलंत ते वाचून जीव कसनुसा झाला. आमच्यासाठी शेजारचं घर बघून ठेवलंत, तेही कळलं. आपल्या भावाचा निर्णय अजून कसा होत नाही, असं विचारलंत. वन्सं, दोष फुलांचा आहे.

आपल्याला ठाऊकच आहे, आपले बंधू कुठलाही निर्णय झोपाळ्यावर बसल्याशिवाय घेत नाहीत. मला पाहून आल्यावरसुद्धा दोन दिवस झोके घेत होते आणि कंटाळून आपणच पायानं रेटा दिलात, म्हणून मी या घरात आले. आता हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, तर कचेरीतून श्रावणातच छापील कागद आला आहे: इथेच राहणार की तिकडे मराठवाड्यात जाणार, ते ऑक्टोबरअखेर लिहून द्या. नेमक्या त्याच सुमारास मला टांगत्या टोपल्यांमध्ये फुलं लावायची हौस आली. ओसरीच्या आढ्याला कड्या चारच. झोपाळा उतरवला, फळी भिंतीला टेकवली आणि काथ्या अंथरलेल्या तारेच्या चार टोपल्या वर चढवल्या.

पहिल्यांदा झेंडू लावला. (दसऱ्याला विकत घ्यावा लागणार नाही, हा हिशेब.) झेंडू सरळ वर गेला आणि आढ्याला टेकला. फुलं आढ्याला दिसत, आम्हाला देठ. पलीकडच्या सावित्रीबाई मान वर करून म्हणाल्या, "चांगलंय हो, पालींची सोय झाली." मग रोपंवाल्या यादगिरीला बोलावलं. तो खालून बघून म्हणाला, "अम्मा, गेंदा तो आसमान देखता. टांगने को नीचे देखनेवाला फूल होना." त्याचं म्हणणं पटलं. आपण खालून बघणार, तर फुलानंही जरा वाकावं. (माणसांत असं फूल मी एकच पाहिलं, ते म्हणजे आपले बंधू. तेही पेपर वाचताना.)

त्यानं चिनी गुलाब दिला. टोपलीच्या काठावरून छान ओघळला, रोज बहरतो. पण ते फूल दहाला उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. हे साडेनऊला कचेरीत जातात, सहाला येतात. रविवारी उजेडात दाखवावं, तर दोन्ही रविवार आभाळ भरलेलं, आणि उन्हाशिवाय ते उघडतच नाही. तेव्हा मी आढ्याला गवत टांगलं आहे, अशी ह्यांची प्रामाणिक समजूत आहे.

टांगलेल्या झाडाला पाणी किती द्यायचं, हे मातीत बोट खुपसून कळतं. ह्यांच्या बाबतीत तशी सोय नाही. नुसते ओसरीत उभे असतात, कागद हातात. दसऱ्याला ह्यांचे साहेब एकनाथराव सोनं द्यायला आले, ते नेमके टोपलीखाली बसले. मी नुकतंच पाणी घातलेलं. निर्णयाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं आणि टोपीवर पहिला थेंब पडला. उत्तराची वाट बघता बघता टोपी भिजली. हे पंचा आणायला आत गेले.

मला विचाराल, तर इथून हलणं अवघड आहे. भाजीवालीशी भांडण्याइतकं तेलुगू यायला मला बावीस वर्षं लागली. तिकडे मराठीत भांडावं लागेल, आणि मराठीत मला लगेच रडू येतं.

आपली,
निर्मला

ता. क. : खोटं बोलून नमस्कार पोचत नाही, म्हणून लिहिते. झोपाळा मी कागद आला त्याच दिवशी उतरवला. फुलांचं नंतर सुचलं, रिकाम्या कड्या बघून.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालणार, तोच हे मागच्या अंगणात दिसले. झोपाळ्याची फळी जमिनीवर टाकून तीवर बसले होते. पाय हलत होते, फळी हलत नव्हती. म्हणाले, "अक्का तिकडे एकटी आहे. पण तू म्हणशील तसं." वन्सं, बावीस वर्षांत मला पहिल्यांदा विचारलं, आणि विचार करायला बसावं तर झोपाळा नाही. टोपल्या उतरवून तो परत लावला. हे त्यावर बसूनच लिहिते आहे. अक्षर म्हणून हललं आहे.

ता. क. शेवटचा : त्या शेजारच्या घराच्या ओसरीला कड्या किती आहेत, ते मोजून उलट टपाली कळवा. चार झोपाळ्याला, चार टोपल्यांना. चारच निघाल्या, तरी पत्रात आठ लिहा. आठ निघाल्या तर जाऊ, असं ह्यांना सांगितलं आहे, आणि आपलं पत्र हेच आधी वाचतात.