मुखवट्याची साक्ष

प्रिय खारूताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दोन पानं तुझ्या चित्रकथेतल्या त्या खलनायकाबद्दल, डॉक्टर काजळीबद्दल, आणि शेवटी समासात बारीक अक्षरात एक ओळ: पुढच्या बुधवारी छापखान्याच्या खटल्यात साक्षीला बोलावलंय, पण तू जाणार नाहीस, नुसतं चित्र पाठवून देणार आहेस. वा! महत्त्वाचं ते कोपऱ्यात लिहायची खोड तू तुझ्या बाबाकडून उचललीस. त्यानं स्वतःचं लग्न ठरल्याचंही मला असंच कळवलं होतं, छत गळत असल्याच्या तक्रारीखाली.

आधी तुझ्या काजळीचं बघू, कारण तू तेच विचारलंयस. बाराव्या अंकात त्याला जन्मठेप द्यायचीय, तर कोर्टाचा प्रसंग बरोबर जमलाय का ते सांग, म्हणतेस. एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून बसलेल्या बाईला असलं काही विचारू नये, ती आवरत नाही. चष्मा पुसून तुझे अकराच्या अकरा अंक पुन्हा वाचून काढले. निकाल ऐक. तुझा काजळी सुटतो. नुसता सुटत नाही, जाताना कोर्टाच्या पायऱ्यांवर हसत फोटोही काढून घेतो.

तुझ्या मुखवटेवाल्या नायकानं, वावटळनं, त्याला घड्याळाच्या मनोऱ्यावरून उलटं टांगलं आणि त्यानं सगळे गुन्हे कबूल केले. चित्र झकास आहे, त्याच्या खिशातून पडणारी नाणी तर मला फारच आवडली. पण बाळा, पायाला धरून लोंबकळवलेला माणूस आपण चंद्र चोरला असंही कबूल करेल. ती कबुली न्यायाधीश वाचणारसुद्धा नाहीत. मग ती पुराव्यांची थैली. वावटळनं ती गुरुवारी पकडली आणि शनिवारी पोलीस चौकीच्या दारात ठेवली. मधले दोन दिवस थैली कुठे होती? त्याच्या पलंगाखाली? काजळीचा वकील नुसतं एवढंच विचारील आणि पाणी पिऊन खाली बसेल. शिवाय आठव्या अंकात तू काजळीला तीन पानं भिंतीशी बोलत हसवलंयस. म्हणजे वेडाचा दाखला तूच फुकटात काढून दिलास, आणि वेड्यांच्या दवाखान्याची भिंत किती कच्ची असते ते तू सातव्या अंकातच दाखवून ठेवलंयस.

पण यातलं काहीही निभावून नेता आलं असतं. खरी गोची वेगळीच आहे. हे सगळं डोळ्यांनी पाहिलं कुणी? वावटळनं. आणि वावटळ काय करतो? गुन्हेगाराला खांबाला बांधतो, छातीवर चिठ्ठी टोचतो आणि उडून जातो. कोर्टात पुकारा झाला की साक्षीदाराचा पिंजरा रिकामा. समजा आलाच, तरी मुखवटा काढणार नाही, नाव सांगणार नाही. त्या दिवशीचा वावटळ तो हाच, हे कशावरून? शिंपी गाठून असा पोशाख कुणीही शिवून घेईल. मुखवट्याची उलटतपासणी घेता येत नाही, आणि जिची उलटतपासणी घेता येत नाही ती साक्ष कोर्टाच्या लेखी नसल्यातच जमा. तुझे सगळे खलनायक इतके अंक कसे टिकतात, त्याचं गुपित हे एवढंच आहे. त्यांच्या बुद्धीचं कौतुक करू नकोस, ते सुटतात ते नायकाला पुढे येऊन बोलायचं नसतं म्हणून.

आता तुझ्या खऱ्या काजळीकडे, छापखान्याच्या मालकाकडे येते. तो तर हसतही नाही भिंतीशी. तुझ्या बाबानं सांगितलं, भला दिसणारा माणूस आहे, सगळ्यांची विचारपूस करतो, तुझे अंकही तोच छापतो. त्यानं कागद कापायच्या मशीनच्या पात्यापुढची जाळी काढली, काम लवकर उरकावं म्हणून. स्वतःच्या हातानं, पाना घेऊन. आठवड्याभरानं बाइंडरकाकांची तीन बोटं गेली. आता मालक म्हणतो की जाळी काकांनीच काढली. आणि त्याला जाळी काढताना पाहिलं फक्त तू, दाराशी स्टुलावर बसून, वहीत चितारत. मला ते काका माहीत आहेत. तुझ्या पहिल्या अंकाची पानं उलटी लागली होती, तेव्हा रविवारी येऊन सगळ्या प्रती उसवून पुन्हा शिवून देणारे तेच ना? ते आज स्वतःच्या शर्टाचं बटण लावू शकत नाहीत, आणि वर चूक त्यांचीच ठरतेय.

तू का जात नाहीस ते मला ठाऊक आहे, तू लिहिलं नसलंस तरी. शाळेच्या स्नेहसंमेलनात तू स्टेजवर उभी राहिलीस, पहिलाच शब्द तोंडात अडला, पुढची रांग खिदळली आणि तू धावत येऊन माझ्या पदरात तोंड खुपसलंस. त्यानंतर तुझ्या बाबानं अर्ज करकरून तुझ्या तोंडी परीक्षा माफ करून घेतल्या. ते अर्ज टाइप कुणी केले? मीच. फार शहाणपणा केला असं वाटायचं. आता वाटतं, आम्ही दोघा बहीणभावांनी मिळून तुला मुखवटा शिवून दिला, आणि माप अगदी नीट घेतलं.

एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही. नोकरीला लागून चार महिने झाले होते. एका इस्त्रीवाल्या बाईचं दुकान जाळल्याचा खटला होता. आग कुणी लावली, असं सरकारी वकिलांनी विचारलं. बाईनं आरोपीकडे पाहिलं आणि बोट दाखवलं. सगळ्या खोलीनं वळून बघितलं. वकील इतके खूश झाले की लगेच पुढचा प्रश्न. माझी पेन्सिल मात्र थांबली होती, कारण बाई बोलली काहीच नव्हती, आणि आम्ही लिहितो ते फक्त बोललेलं. मान वर करून न्यायाधीशसाहेबांना विचारायला हवं होतं, काय लिहू म्हणून. तसं विचारायचा स्टेनोला हक्क असतो. पण सगळे माझ्याकडे बघतील म्हणून मी घाबरले आणि गप्प बसले. अपिलात वरच्या कोर्टानं फक्त कागद वाचला. कागदावर प्रश्न होता, उत्तराची जागा कोरी. आरोपी सुटला. बाई जबानीची नक्कल घ्यायला आली तेव्हा तिनं मलाच विचारलं, माझं उत्तर कुठे गेलं म्हणून. मी खाली मान घालून शिक्का मारत राहिले. खारू, त्याची मला आजही लाज वाटते.

तुझं चित्र म्हणजे दाखवलेलं बोटच आहे गं. मालकाचा वकील म्हणेल, ही मुलगी माणसं आकाशात उडवते, हिच्या चित्राचं काय घेऊन बसलात? हे मी काढलं, त्या दिवशी, डोळ्यांनी बघून, एवढं कुणीतरी स्वतःच्या नावानं म्हटल्याशिवाय तो नुसता कागद आहे. आणि तसं म्हणू शकणारी सगळ्या जगात तू एकटीच आहेस. त्यानंतर तो तुझे अंक छापणार नाही, हे खरंय. दुसरा छापखाना शोधू, मी सोबत फिरते, गुडघे कुरकुरले तरी.

फोन न करता हे लिहीत बसले त्याचं कारण आता सांगते. तुला हे कागदावर मिळायला हवं होतं, म्हणजे बुधवारी पर्समध्ये ठेवता येईल. एकतीस वर्षांत माझ्यासमोर किती माणसं अडखळली, त्याची गणती नाही. एका ड्रायव्हरला सात शब्द बोलायला चार मिनिटं लागली होती. वकील घड्याळ बघत होता, मागे कुणीतरी हसलंही. माझ्या वहीत काय उतरलं माहितेय? सात शब्द, एका ओळीत. अडलेलं आम्ही लिहीत नाही. दया म्हणून नव्हे, नियमच तसा आहे. वरच्या कोर्टानं ती जबानी वाचली तेव्हा त्यांना एक स्वच्छ बोलणारा माणूस दिसला, आणि त्याचंच म्हणणं त्यांनी खरं धरलं. तेव्हा तू हवा तेवढा वेळ घे, राणी. तिथं समोर माझ्यासारखीच कुणीतरी बसलेली असेल, पेन्सिल उचलून. तुझा शब्द येईपर्यंत ती थांबेल.

तुझीच,
आत्या