लाटण्यावर शिकलेलं विमान

पनवेल,
फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून चंद्रावतीचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक, सासूबाईंचा खोकला सोडून. (तो त्यांना हवा तेव्हाच येतो, तेव्हा काळजी नसावी.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेला शेक तुम्ही घेत नसणार हे ठाऊक असूनही विचारते.

तुमच्या जावयांना नोकरी लागली. विमान शिकवणारे मास्तर म्हणून, मुंबईच्या क्लबात. ती कशी लागली ते सांगितल्यावाचून मला राहवणार नाही, म्हणून चष्मा लावून सावकाश वाचा.

यांची लहानशी विमान कंपनी बंद पडली तेव्हा आम्हांला वाटलं, लढाईत विमान चालवलेल्या माणसाला काम काय कमी. पण लढाईत विमान चालवलेली सगळीच माणसं आता मास्तर व्हायला निघाली आहेत. क्लबात शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारेच जास्त, आणि सगळे एकमेकांना 'तुमचं होणार हो' म्हणत बाकावर बसलेले. त्यातून यांची एक खोड. विमान हे इतकं सुरेख चालवतात की दुसऱ्याने वाईट चालवलेलं यांना बघवत नाही. गेल्या वर्षी याच क्लबातले मोठे साहेब (पारशी गृहस्थ आहेत, भुवया फार दाट) परीक्षेसाठी शिष्य होऊन बसले आणि मुद्दाम चुकले, तर यांनी साहेबांच्याच हातून विमान काढून घेतलं आणि खाली आणून उभं केलं. साहेब म्हणाले, "उत्तम उतरवलंत. आता घरी जा." घरीही तेच. मी सुईत दोरा ओवायला लागले की "आण इकडे".

यंदा पुन्हा बोलावणं आलं, तसा यांनी माझ्यावर सराव सुरू केला. ओटीवर दोन पाट, पुढच्यावर हे, मागच्यावर मी. विमानात मास्तर आणि शिष्य दोघांपुढे एकेक दांडा असतो आणि ते आतून जोडलेले असतात, एक हलला की दुसरा हलतो. म्हणून आम्ही दोन लाटणी सुतळीने बांधली. मी जरा डावीकडे कलले की हे सुतळीला हिसका देत, आणि माझं लाटणं यांच्या मांडीवर. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलं, पन घरात येड नाय पिकवलं." शेवटी मीच लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "सगळं तुम्हीच करणार, तर मी शिकायचं कधी?"   दुसऱ्या दिवसापासून हे हात मांड्यांखाली दाबून बसायला लागले. मामा, चाळिशीच्या पुरुषाने बायकोचं एक वाक्य असं मनावर घेतलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

परीक्षेला मी डबा घेऊन बरोबर गेले. यंदा साहेबांनी नवीन काढलं होतं. ज्याला विमानाचं काही कळत नाही असा माणूस वर न्यायचा, आणि खाली आल्यावर साहेब त्यालाच विचारणार, काय शिकलास? यांच्या वाट्याला आलेल्या कारकुनाने आधीच्या उमेदवाराचा शिष्य पांढराफटक होऊन उतरताना पाहिला आणि त्याला एकदम घरचं काम आठवलं. दुसरं कोणी पुढे येईना. हे माझ्याकडे बघेनात, म्हणून मीच उठले. पदर खोचला, अंबाड्यावरून कातड्याची टोपी ओढली (बसेना, वेणी काढून डब्यात ठेवावी लागली).

वर गेल्यावर टोपीला जोडलेल्या नळीतून यांचा आवाज आला, "आता तू." मी दांडा धरला आणि विमानाने जे नाक खाली घातलं, ते थेट खाडीकडे. मिठागरं चौकोनी दिसत होती ती मोठी व्हायला लागली. मी समोर पाहिलं, तर यांचे दोन्ही हात वर, हवेत, मला दिसतील असे. ते खाली येत नव्हते. माझी भीती तिथेच गेली. मी दांडा हलकेच मागे घेतला आणि नाक वर आलं.

खाली उतरल्यावर साहेबांनी विचारलं, काय शिकलात? मी म्हटलं, "त्यांनी हात लावला नाही." "काशीरामने? हात नाही लावला?" असं त्यांनी यांचं नाव घेऊन दोनदा विचारलं, आणि तिथल्या तिथे यांचा हात हातात घेतला. हे म्हणाले, "विमान तिनेच सावरलं." मामा, एवढ्या उमेदवारांदेखत.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
चंद्रावती

ता. क. साहेब म्हणाले, बाईंचा हात चांगला आहे, शिकवा. मला शिकायचं आहे. सासूबाई म्हणतात, "तुज्या मामाला इचार. तो हो बोलला तर मी आडवी येनार नाय." (तुम्ही नाही म्हणाल अशी त्यांची खात्री आहे.) तरी गुडघ्याला शेक देऊन एकदा येऊन जावं आणि हो म्हणावं.

आणखी एक. काल हे सहज म्हणाले की त्या विमानाचा दांडा सोडून दिला तरी ते आपोआप सरळ होतं. मी विचारलं, मग साहेबांना तसं का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "साहेबांना ठाऊकच आहे. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तू शिकलीस." हे तेवढं सासूबाईंच्या कानावर घालू नका. जे आपोआप सरळ होतं त्याला मास्तर कशाला लागतो, असं त्या विचारतील, आणि नोकरी अजून नवी आहे.