एका लेखात सगळे

३ नोव्हेंबर, सोमवार
बारामतीहून युवराज सरांचा फोन. इंदापूरच्या फळबागायतदारांना आपण वेबसाइट करून दिलीय. तिच्यावरच्या एकाच लेखात आता तिघांना एकदम लिहिता आलं पाहिजे. एकानं टाइप केलेलं दुसऱ्याला तिथल्या तिथं दिसायला हवं. ठळक अक्षरं, तक्ते, फोटो, सगळं. दोन आठवड्यांत देते म्हटलं. जमलं तर तुला बारामतीच्या ऑफिसात बोलावून घेऊ, म्हणाले.
मी काही त्यासाठी करत नाही. बावड्यात घरून काम करायला छान शांतता आहे. दुपारी पंख्याची कुरकुरणारी पातीही वेगवेगळी ओळखू येतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
टेस्टिंगला दोन माणसं हवीत. ऑफिसातल्या अजितला विचारलं. बघतो, म्हणाला. रेश्मानं अंगठा पाठवला. कामात असतील. त्रास नको.
मीच दोन विंडो उघडल्या. एकीत मी, स्वरूपा. दुसरीला नाव दिलं प्रतिक्षा, हिरव्या कर्सरची. दोघींनी एकदम ‘डाळिंब’ लिहायला घेतलं आणि अक्षरांचा चिखल झाला. चूक प्रतिक्षाची.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
नीट झोप नाही. शाळेत घालायच्या आधी आप्पांनी मला घरीच शिकवलं. पहिला धडा हाच, की विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पाटीवर रेघ ओढू नये. आणि मी बनवतेय काय?
उपाय सापडला. दुसऱ्याची ओळ बदलायची तर आधी परवानगी मागायची. त्यानं ‘हो’ दाबलं तरच पुढं.
संध्याकाळी
प्रतिक्षानं परवानगी मागितली. मी दिली. तिनं आभार मानले (ते बटणही मीच केलंय). दिवस चांगला गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जेवताना आईनं विचारलं, दिसभर कुणाशी काम करतीस गं? टीमशी, म्हटलं. मग हसल्याला आवाज कसा येत न्हाय? आमच्यात काम गंभीरपणे चालतं, असं समजावलं.
संकल्प: ऑफिसात बोलावलं की मिळेल त्या जागी बसायचं. डबा मात्र दोन माणसांचा न्यायचा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज लाँच. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा लेख. सकाळपासून स्क्रीनसमोर. संपादक बापूसाहेबांचा कर्सर आला. त्यांच्यासोबत लिहिणारे बागायतदार कुंडलिकराव आणि अनिताताई, त्यांचे येईनात. सगळा कोड पुन्हा तपासला.
शेवटी फोन केला. कुंडलिकराव म्हणाले, बिघडलं काय न्हाय ताई, आमी समदे हितंच हाय, सायबांच्या खुर्चीमागं. सायेब लिवत्यात, आमी सांगतोय. तुमचं मशिन म्हणतंय सायबांची परवानगी मागा. थोरल्या माणसाला अशी चिठ्ठी धाडायची व्हय? तोंडानं सांगितल्यालं बरं.
मागून अनिताताई ओरडल्या, सायेब, फवारणी सकाळची ओ, दुपारची कुठं लिवताय, झाडं भाजून खायची का? सगळे हसले. बापूसाहेबही.
ते फोन ठेवायचा विसरले. मीही ठेवला नाही. नेटवर्क कसं आहे ते तपासायला थोडा वेळ ऐकत बसले.

१९ नोव्हेंबर, बुधवार
परवानगी काढून टाकली. आप्पांना सांगितलं नाही. सर, अजित, रेश्मा आता आपापल्या घरून वापरून बघणार आहेत. हे लक्षण चांगलं. टीमनं माझं काम पाहिलं की बोलावणं येणारच.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सरांचा फोन. एवढे खूश कधीच नव्हते. चार-पाच दिवस ते, अजित आणि रेश्मा घरूनच लिहितायत, कुठं काही अडलं नाही. कमाल केलीस स्वरूपा, म्हणाले, आता एका जागी बसायची गरजच काय? महिनाअखेर ऑफिसची जागा सोडतोय.
बरंच झालं. एसटीनं रोज जायचं म्हणजे प्रकृतीवर परिणाम झाला असता.
आईनं विचारलं, मग बारामतीला कधी जायाचं? म्हटलं, जायचं कशाला, आता सगळं ऑफिस या खोलीतच आहे.
आईनं खोलीभर बघितलं. मग म्हणाली, किती जणांचा च्या टाकू?
अर्धाच कप, म्हटलं.