कॉड कोपरच्या खाडीत

प्रिय आत्या,

काल आपल्या कोपरच्या खाडीकाठच्या देवळात गावाची बैठक झाली आणि आपण जिंकलो. घरी येऊन चप्पल काढताना वाटलं, हे आधी तुला सांगायला हवं. तू जाऊन वर्ष होत आलं, पण ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधान होणार नाही. म्हणून लिहितेय.

हे सगळं कॉडमुळे घडलं. आठवतो ना कॉड? त्याची ओळख तूच करून दिलीस. मी किडकिडीत, सारखी खोकणारी पोर, आणि तू औषधाच्या दुकानातून माझ्यासाठी कॉडलिव्हर तेलाच्या पिवळ्या गोळ्या आणायचीस. शेजारणी चिडवायच्या, "कोळनीच्या घरात मासा बाटलीतून येतंय." तू म्हणायचीस, "येऊ दे. पोरीनं गिळला म्हंजे झाला."

पुढे वाचनालयात मला त्या माशाची सगळी कहाणी सापडली. बर्फाळ समुद्रातला, हनुवटीला एकच मिशी असलेला मासा. त्याच्यापायी देशांनी एकमेकांविरुद्ध युद्धनौका उतरवल्या होत्या! मी धावत सांगायला आले, तर तू कोळंबी सोलता सोलता विचारलंस, "काटं किती? नि कालवनात फुटतंय का?" पुस्तकात नेमकं तेवढंच नव्हतं.

न्यूफाउंडलंड बेटाची गोष्ट मात्र तू कधी नीट ऐकली नाहीस. त्याचा राग अजून आहे. तिथे म्हणे नुसती टोपली बुडवली तरी कॉडनं भरून वर यायची. मग अजस्र ट्रॉलर बोटी आल्या, विणीला जमलेले मासेसुद्धा उपसून गेल्या, आणि शेवटी सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. गावंच्या गावं बेकार झाली. वर्षानुवर्षं वाट पाहिली, तरी कॉड पूर्वीसारखा परतला नाही. मी हे घसा कोरडा करून सांगतेय आणि समोर तू आपल्या खाडीतल्या जिताड्याच्या बोटाएवढ्या पिल्लांचे वाटे लावतेयस! किती भांडलो त्यावरून. तू विचारलंस, "मोठा जिताडा मिळत नाय. मंग काय इकू, तुजी भाषनं?"

त्याचं उत्तर आज देते. मोठा कुठून मिळणार होता, आत्या? तो लहानपणीच वाट्यावर संपत होता.

काल तेच बोलले. पावसाळ्यात पिल्लं खाडीत शिरतात, तेव्हा बारीक भोकांची जाळी टाकू नका, एवढंच मागणं होतं. नॉर्वेचा दाखला दिला. तिथेही दर हिवाळ्यात कॉड विणीला येतो, पण लोक मोजून धरतात आणि आपल्या बोंबलासारखा लाकडी मांडवांवर वाळवतात. म्हणून तो अजून येतो.

तुझा लेक बंड्या पहिला उठला. "कंपन्या नाल्यातून काय सोडतात, त्यांना बोल आधी."

"त्यांना बोलतेच आहे, बंड्यादादा. त्यांनाही सोडणार नाही."

"मग भाषण मस्त झालं. चल आता जेवाला."

बाप्ये हसले. मी हरले होते. इतकी वर्षं खाडी वाचवा म्हणून माईकपुढे गरजले आणि आपल्याच खाडीतलं एक पिल्लू मला वाचवता येत नव्हतं.

तेवढ्यात बाजारात तुझ्या शेजारी बसणारी हिरामावशी उठली. "नीरे, जिथं कॉड बुडाला तिकडं मासा बायका इकत व्हत्या का?"

"नाही गं. मोठे व्यापारी, कंपन्या."

"मंग बुडनारच." ती पुरुषांकडे वळली. "हिकडं आमी इकतो. उद्यापासून बोटाएवढं पिल्लू माज्या टोपलीत येनार नाय. ज्याला धरायचाय त्यानं धरावं नि घरी बसून खावं."

"अगो मावशे, असं कसं?" बंड्या म्हणाला.

त्याच्या बायकोनं, लतानं, हात वर केला. "माज्या पन टोपलीत नाय. नि मी रांधनार बी नाय."

आत्या, तू तिथे असायला हवी होतीस. एकेक करत सगळ्या विकणाऱ्या उभ्या राहिल्या. न विकला जाणारा मासा धरणार कोण? पावसाळाभर बारीक जाळी बाजूला ठेवायचं ठरलं. तू उठली असतीस का? मला वाटतं, मला दोन शिव्या घालून उठली असतीस.

पण पावसाळाभर या बायांच्या टोपल्या हलक्या राहणार. लहान मासा मागणारं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, तर त्यांचा निश्चय किती टिकेल?

म्हणून शब्द देते. रोज सकाळी डोंबिवलीच्या बाजारात मी तुझ्या जागेवर बसेन. लहान जिताडा मागणाऱ्याला कॉडची गोष्ट ऐकवेन आणि बोय मासा नाहीतर चिंबोऱ्या घेतल्याशिवाय हलू देणार नाही. घासाघिशीत कच्ची पडेन, ते हिरामावशी बघेल. आणि बंड्यादादाच्या जाळ्यात पहिला मोठा जिताडा आला, की पुरता भाव देऊन घेईन आणि जिवंत खाडीत सोडेन. मोठा जिताडा बहुतेक मादीच असतो, तिला अजून अंडी घालायची असतात. "एवढा मासा सोडलास? खुळी झालीस काय?" म्हणून तू ओरडशील.

खुशाल ओरड. ती तोवर लांब गेलेली असेल.

तुझी भांडखोर भाची,
नीरा