शिवार मोकळे होण्याची तारीख

मु. सावरखेड,
१९ बहमन १३४६ फसली

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली मेतकुटाची पुडी पोचली. माझ्या शिपायाने ती औषधाची समजून पाण्यातून घेतली आणि गुण आला म्हणतो. तहसीलदार झाल्यापासून मी खोकलो तरी माणसे उठून उभी राहतात, एवढा रुबाब आहे.

एक गुंता अण्णांपुढे ठेव; वडील म्हणून नव्हे, महसुलातले जुने अधिकारी म्हणून विचारतो आहे. दर साल ज्वारी निघाली की डोंगरावरचे गवळी गुरे घेऊन खाली येतात. गुरे धसकटे खातात, रात्री शेतातच बसतात. शेताला खत मिळते, गवळ्याला त्याबद्दल धान्य. शेवटच्या शेताची कणसे खळ्यावर आली की गावराखणीचा येसकर हलगी वाजवून शिवार मोकळे झाल्याचे सांगतो. तोवर गुरांनी ओढ्यापलीकडे थांबायचे. भांडण या थांबण्याचे आहे. गवळी म्हणतात, पाटील मुद्दाम ज्वारीचा एक पट्टा उभा ठेवतात, म्हणजे गुरे उपाशी पडून आम्ही कमी धान्यावर कबूल होतो. पाटील म्हणतात, गवळ्यांना दम नाही. गेल्या साली डोकी फुटली. यंदा कोणी मरेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही. दोन्हीकडचे पंच नेमून त्यांनी शिवार पाहावे, असे मला वाटते. अण्णांचे मत कळव.

लोभ आहेच, त्यात कपात नसावी.
तुझा
श्रीधर

बरकतपुरा, हैदराबाद,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद वि. वि.

अण्णांना आता वाचवत नाही, म्हणून तुझे पत्र मीच दोनदा वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे, पंच नेमलेस की भांडणाऱ्यांत चौघांची भर. हलगी पाटलाच्या मर्जीवर वाजते हे खरे दुखणे, तेव्हा तारीख मुकर्रर कर. पंधरा फरवर्दी, म्हणजे यंदा माघाचा शुद्ध पक्ष. तारीख नसलेला हुकूम म्हणजे नुसत्या गप्पा, हे तुला ठळक लिहायला सांगितले आहे. मी म्हटले, ज्वारीला कुठे तारीख कळते. तर म्हणाले, तू शाळेत मुलींना शिकव, महसूल मला राहू दे.

नोकरी संपल्यापासून त्यांना पहिल्यांदाच कोणी काही विचारले रे. दिवसभर खुशीत होते, भातही दुसऱ्यांदा मागितला. कोठी भागातल्या डॉक्टरांनी छातीला जपायला सांगितले आहे. होईल तर त्यांच्या मनासारखे कर.

मेतकूट पुन्हा पाठवते. ते तूच खा आणि आमची आठवण ठेव.
अक्का

मु. सावरखेड,
१२ इस्फंदार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अण्णांच्या सांगण्याप्रमाणे हुकूम काढला. गवळ्यांचा म्होरक्या राणोजी याने तो घडी करून पागोट्यात खोवला. पाटलांना पंधरा फरवर्दी चालेल का विचारले, तर हात जोडून सरकार म्हणतील तसे, एवढेच बोलले. इतक्या सहज मिटेल असे वाटले नव्हते. अण्णांना साष्टांग सांग.

हुरडा पाठवणार होतो, पण इकडे पाऊस मागे पडल्याने पेरण्याच उशिरा झाल्या. दाणा अजून धरलेला नाही. झाला की धाडतो.

माया करत राहावी.
श्रीधर

मु. सावरखेड,
१९ फरवर्दी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आधी एकटीने वाच.

पंधरा तारखेला गवळी ओढा उतरले. निम्म्या शिवारात ज्वारी उभी होती, दाणा कोवळा. हलगी वाजलेली नव्हती, पण आता हलगीची गरज नाही, हे मीच त्यांना सांगितले होते. कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून राणोजी सर्वांच्या पुढे हुकूम हातात धरून चालला. पूर्वी उभे पीक दिसले की तोच आपल्या माणसांना आवरायचा. शेतकऱ्यांनी त्याला बांधावरच काठ्यांनी ठार मारले. बिथरलेल्या गुरांनी उभे पीक तुडवले. मारणारे पाच जण कोठडीत आहेत. त्यांची कणसे कापायला घरी कोणी नाही.

पाटलांना विचारले, आधी का बोलला नाहीत. ते म्हणाले, सरकारने तारीख ठरवून मग विचारले होते.

अण्णांना बेताने सांग. ही तारीख आणखी कोणाला सुचवू नका, एवढे मात्र नक्की सांग.

श्रीधर

बरकतपुरा, हैदराबाद,
माघ वद्य प्रतिपदा

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद वि. वि.

मी त्यांना सांगितले नाही. तुझे पत्र हातात घेऊन मी भलतेच वाचले, की सारे सुरळीत पार पडले. त्यांच्या छातीच्या दुखण्याची भीती वाटली.

मग त्यांनी जुन्या स्नेह्यांना चहाला बोलावले आणि तुझ्या बंदोबस्ताची हकीकत सांगितली. सर्व तालुक्यांत तीच तारीख असावी, अशी सूचना मला लिहून घ्यायला लावली आणि आपल्या जुन्या कचेरीत पाठवली. अक्षर माझेच आहे. म्हाताऱ्याचा कागद, कोण उघडून पाहणार, असे मला वाटले. आता झोप लागत नाही. तुला काही करता येईल का?

रागावलास तरी पत्र लिहीत जा.
अक्का

मु. सावरखेड,
२ खुर्दाद

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सगळ्या कचेऱ्यांना फिरवलेला गश्ती हुकूम आला. पुढल्या सालापासून साऱ्या सुभ्यात पंधरा फरवर्दी. मी राणोजीचा मृत्यू कळवून हरकत घेतली होती. उत्तर आले, तो फौजदारी मामला आहे, महसुलाशी संबंध नाही. तारीख चांगली असल्याचा दाखला म्हणून माझाच पहिला हुकूम जोडला आहे. आता माझ्या सहीने दवंडी द्यायची आहे. मी दिली नाही तर माझ्या जागी येणारा देईल.

तुझ्यावर राग नाही. मीही पाटलांचे जोडलेले हात पाहून खूश झालो होतो. अण्णांना सांगू नकोस. आता सांगून कोणाचे काही वाचणार नाही.

काल शेजारच्या तालुक्यातले गवळी तुपाचे मडके घेऊन आले होते. तारीख मिळाली म्हणून. आता आम्हाला कोणी ओढ्यापलीकडे ताटकळत ठेवणार नाही, म्हणाले. मी राणोजीचे सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. ते म्हणाले, त्याच्याजवळ एकाच तालुक्याचा हुकूम होता, आमच्याजवळ सुभ्याचा आहे. मडके ठेवून गेले.

जमेल तोवर या भावाला आपला म्हणावे.
श्रीधर