बाबांची बुलेट

११ जानेवारी, रविवार
गावातलं घर रिकामं करायला गेले. पुढच्या महिन्यात पाडणार. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली बाबांची बुलेट. माझ्या जन्माआधीपासून तिथंच उभी. भंगारवाला ताडपत्री ओढून बघायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ही नाही द्यायची. का, माहीत नाही. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांना या गाडीवर बसलेलं मी कधीच पाहिलं नाही. रिटायर होईपर्यंत कंपनीत बसनेच गेले.
आईला नेरुळला फोन केला. "देऊन टाक," म्हणाली. थोड्या वेळाने तिचाच फोन. "नको देऊस."

१३ जाने., मंगळ.
इम्तियाजने टेम्पो पाठवला. शाळेतला मित्र, तुर्भ्याला गॅरेज आहे त्याचं. गाडी उतरवताना सीटमधून उंदराचं घरटं पडलं. सायलेन्सर गंजून पापड झालेला. इम्तियाज बराच वेळ भोवती फिरला. "होईल. पण मला घाई करायची नाय, वैशे."
कबूल.

१८ जाने., रवि.
इंजिन जाम. पिस्टन आत चिकटून बसलाय. प्लगच्या भोकातून तेल-डिझेल सोडून भिजत ठेवलाय. टाकी धुतली तर लाल पाणी.
पुढचं चाक काढल्यावर इ.ने हाक मारली. चाक धरणारा फोर्क वाकडा. उजवीकडचा लेगगार्ड आत दबलेला.
"ही पडलेली गाडी आहे. जोरात पडलेली. नंतर कोणी हात पण नाय लावला, तशीच उभी करून ठेवली."
अर्धवट ऐकलं होतं हे. बाबा आईला मागे बसवून चालले होते, पडले. तेव्हापासून आत्याने बाबांशी बोलणं सोडलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, दिवाळे गावात दिलेली. मला नेहमी वाटायचं, एवढ्यावरून? बाबा गेले तेव्हा आली, पायाशी उभी राहिली, पाणीसुद्धा न घेता गेली.
घरी आईला विचारलं. "पडलेलो," एवढंच. वालाच्या शेंगा सोलत राहिली.

२५ जाने., रवि.
पिस्टन सुटला. इ. फोनवर लहान मुलासारखा ओरडत होता. फोर्क सरळ करून आणलाय, कार्ब्युरेटर साफ, वायरिंग सगळं नवीन टाकायचं. कागदपत्रांचं तोच बघतोय.
आईला सांगितलं. म्हणाली, पुढच्या वेळेस मीपण येते. मला हसू आलं. ही रिक्षात बसली तरी दोन्ही हातांनी दांडा धरते. मी स्कूटर घेतली तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती.

१ फेब्रु., रवि.
 जमेल तसं लिहिते.
आईला घेऊन गॅरेजला गेले. इ. म्हणाला, पहिली किक तू मार, तुझ्या बाबांची गाडी आहे. मारली. काही नाही. परत मारली, तर किकने उलटा झटका दिला, नडगी सोलली. इ. सांगायला पुढे येतोय तेवढ्यात मागून आई, स्टुलावर बसल्या बसल्या, नेहमीच्या आवाजात,
"आधी तो छोटा खटका दाब. सावकाश पाय खाली ने. दिव्यावरचा काटा मधी आला का खटका सोड. मग एकदाच, पूर्ण."
मी वळून बघितलं. इ.नेपण. तो पाना हातात घेऊन तसाच उभा.
"तुला कसं माहीत?"
"चालवायची मी."
मला वाटलं चुकून बोलली. "बाबा चालवायचे," मी म्हटलं.
"तेपन. मीपन."
मी तिने सांगितलं तसं केलं. गाडी सुरू झाली. एवढा मोठा आवाज, शेजारच्या गाळ्यातली माणसं बघायला आली. इ. हसत होता, कोणाकोणाला मिठ्या मारत होता. मी आईकडेच बघत होते. ती डोळे मिटून बसली होती आणि तिचा उजवा पाय चपलेच्या आत हलत होता. खाली, वर. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला असतात.
घरी येताना परत रिक्षाच. आईने दांडा धरला, दोन्ही हातांनी.

२ फेब्रु., सोम.
ऑफिसला दांडी. सकाळी चहा झाल्यावर तिनेच काढलं.
तेव्हा इथे नवीन शहरासाठी नुसते रस्ते केलेले. मोठे, रिकामे. इमारती नाहीत, माणसं नाहीत. बाबा तिला घेऊन जायचे, गावाबाहेर गेलं की उतरायचे, म्हणायचे, चल, पुढे बस. साडीचा काष्टा मारून चालवायची. समोरून ओळखीचं कोणी दिसलं की थांबून मागे. "तुजे बाबा मागं बसून गानी बोलायचे," म्हणाली. बाबा. गाणी. माझे बाबा, जे देवळातल्या आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवायचे.
मग म्हैस आडवी आली. आई पुढे होती.
"मना पाचवा लागलेला."
मला आधी कळलंच नाही. महिना म्हणते की काय. कळलं तेव्हा कप खाली ठेवता येईना.
"पोरगा होता."
म्हणजे मला भाऊ. माझ्याआधी. बेचाळीस वर्षांची झाले, आज कळतंय.
हॉस्पिटलात ती शुद्धीवर आली तेव्हा बाबांनी कानाशी येऊन सांगितलं, मी चालवत होतो, तू मागे होतीस, लक्षात ठेव. आजीला, आत्याला खरं कळलं असतं तर तिला घरात घेतलं नसतं. पोटुशी बाई मोटरसायकल चालवते. शपथ घातली तिला. आत्याने अंगणात, चार माणसांत बाबांना विचारलं होतं, पोटच्या पोराला मारून तोंड कसं दाखवतोस. बाबा खाली बघून उभे.
आणि आई आत, दाराआड, ऐकत.
"तू एकदाही...?"
"नाय."
मला राग आला. तिचा की बाबांचा, कळत नाहीये. पडवीत ती गाडी का ठेवली असेल त्यांनी? विकता आली असती. आईला विचारलं. तिलाही ठाऊक नाही.

५ फेब्रु., गुरु.
कामावर जाते, येते. मध्येच आठवतं. लहानपणी दिवाळीत मी बाबांना विचारायचे, आपली आत्या का येत नाही? ते म्हणायचे, माझी चूक झालेली. किती सहज म्हणायचे. मी खरं मानलं. सगळ्यांनीच मानलं.
आज जेवताना आई: "गाडी झाली का दिवाळ्याला जाऊ. वन्संना सांगायचंय."
मी म्हटलं, आत्या ऐंशीच्या पुढे आहे, आता कशाला.
"म्हनूनच."

८ फेब्रु., रवि.
जाऊन आलो.
इ.ने गाडी आणली. आई त्याच्यामागे बसली, मी स्कूटरवर. निघण्याआधी तिने टाकीवर हात ठेवला, पण पुढे बसते म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. दिवाळ्यात बोंबील वाळत घातलेले, जेट्टीवर बायकांची गर्दी. गाडीच्या आवाजाने सगळ्यांच्या माना वळल्या.
आत्या ओट्यावर येऊन उभी होती, काठी धरून. तिने आधी गाडी बघितली.  मग आई.
आई उतरली आणि तिथंच, रस्त्यात उभं राहून सांगितलं. "वन्सं, तवा गाडी मी चालवत होती. तुमचा भाव मागं बसलेला. त्यानं मना शपथ घातली."
इ.ने गाडी बंद केली होती. त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं, शेजारच्यांनाही.
आत्या एक पायरी उतरली. मी धरायला पुढे झाले, मला काठीने थांबवलं. आईला म्हणाली,
"त्यानं शपथ घातली. आनि तू पालली?"
एवढंच. आत गेली. दार लावलं नाही, या पण म्हणाली नाही. आम्ही ओट्याच्या खाली उभे. आतून काहीच आवाज नाही. शेवटी इ. हळूच म्हणाला, काकी, चला.
आई बसली. वाटेत पामबीचला सिग्नलवर स्कूटर शेजारी घेतली तेव्हा बघितलं, तिने इ.चा शर्ट मुठीत धरून ठेवला होता.

११ फेब्रु., बुध.
 गाडी खाली सोसायटीत उभी आहे. वॉचमन आल्यागेल्याला दाखवतो.
आत्ता फोन वाजला. आत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिचा फोन आमच्या घरी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुजी आई हाय का? तिला दे."
दिला. आई फोन घेऊन गॅलरीत गेली आणि काच ओढून घेतली.
मी इथे टेबलाशी. तिची पाठ दिसतेय. फोन कानाला आहे. ती बोलत नाहीये, ऐकतेय. एकदा मान हलवली, हो की नाही ते मागून कळलं नाही. आता खाली बसली, जमिनीवर, भिंतीला टेकून. फोन अजून कानालाच.