बसायचं काम

४ मार्च
आज गुडघा जिन्यातच अडकला. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये, डोक्यावर ओल्या चादरींचा गठ्ठा, आणि पाय म्हणतो, मी नाही येत जा! भिंतीला टेकून उभी राहिले. हॉटेलची लिफ्ट पाहुण्यांसाठी. लाँड्री तळघरात, दोऱ्या गच्चीवर. ही अक्कल कुणाची, ते एकवीस वर्षांत कळलेलं नाही.

५ मार्च
सूज. तरी गेले.

७ मार्च
डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. ‘गुडघ्यातली गादी झिजलीय. जिने आणि ओझं बंद करा.’ बंद करा म्हणे! मी काय हौसेने चढते?
साहेबांकडे गेले. घड्या घालायच्या टेबलावरची जागा रिकामी होतेय — बसायचं काम, दिवसभर खुर्ची! साहेब म्हणाले, ‘कामामुळे झालं असं डॉक्टरांकडून लिहून आणा, टेबल तुमचं. नाहीतर जिना आहेच. जमत नसेल तर घरी बसा.’ घरी बसून काय करू, भिंती चाटू?

११ मार्च
डॉक्टर लिहून देईनात. वयाने होतं, वजनाने होतं, घराण्यात असतं, जड कामानेही होतं. ‘तुमचं कामामुळेच झालं, हे मी कशावरून सांगू?’
मला एकदम सुचलं. म्हटलं, माझी जुळी बहीण आहे. तेच वय, तीच अंगकाठी, तेच आईबाप. फक्त काम नाही. तिचा फोटो काढा आणि माझ्याशेजारी लावा, काय ते दिसेल! डॉक्टर हसले. ‘आणा,’ म्हणाले.
एवढं डोकं शाळेत का चाललं नाही माझं?

१२ मार्च
धाकटीला फोन केला. माझ्याहून वीस मिनिटांनी लहान, तेवढ्यावरून जन्मभर मला ताई म्हणते. चांगल्या घरी पडली, नवरा ऑफिसात, कामाला म्हणून कधी बाहेर पडावं लागलं नाही. आणि आढेवेढे केवढे! ‘सासूबाईंना टाकून कशी येऊ गं?’ मी तोडून बोलले. माझी नोकरी जायची वेळ आणि हिचा पाय घरातून निघत नाही! शेवटी हो म्हणाली.
आता वाईट वाटतंय. पण बोलले ते बोलले.

१८ मार्च
आली. दवाखान्यात बाकावरून उठताना हात टेकून ‘आई गं’ केलं. मला वाटलं, माझी नक्कल करतेय, लहानपणी करायची तशी. मी चिमटा काढला. ती हसली.
डॉक्टरांनी विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ तिने तोंड उघडायच्या आत मीच — ‘काही नाही, घरीच असते!’ किती तोऱ्यात म्हणाले.

२१ मार्च
तिचा फोटो माझ्याहून वाईट.
दोन्ही फोटो शेजारी लावले होते. माझ्या गुडघ्यात थोडी फट तरी आहे. तिचं हाड हाडाला घासतंय. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, ‘काही काम न करता यांचं एवढं झिजलं, म्हणजे तुमच्या घराण्यातच आहे. कामाला दोष कसा देऊ?’ कागदावर तसंच लिहिलं. साहेबांनी पंधरा दिवस दिलेत, मग जिना नाहीतर घर.
आईचा राग आला. जाऊन बारा वर्षं झाली तिला, आणि मी तिच्याशी भांडतेय, कसले गुडघे दिलेस म्हणून.

२३ मार्च
न सांगता धाकटीकडे गेले. दार उघडंच होतं. तिची सासू अंथरुणाला खिळलीय, हे मला ठाऊक होतं. तिला उचलतं कोण, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.
धाकटी खाली गुडघे टेकून, म्हातारीला कवेत घेऊन उठायला बघत होती. दोनदा खाली बसली. तिसऱ्यांदा उठली. नऊ वर्षं हेच, दिवसातून सहा-सात वेळा! वर दोन वेळा फरशी पुसायची, तीही बसून. पाणी खालून भरायचं.
‘डॉक्टरांना का नाही सांगितलंस?’ मी ओरडलेच.
‘त्यांनी काम विचारलं होतं ना?’ म्हणाली.
माझ्याच तोंडात मारून घ्यावी असं वाटलं. कुठल्या तोंडाने हिला आळशी समजत होते मी!

२६ मार्च
शेजारणीला सासूपाशी बसवून धाकटी दोन तास आली. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ‘जिचं ओझं जास्त, तिचं जास्त झिजलंय,’ म्हणत त्यांनी कागद बदलून दिला. टेबल मिळालं! तिलाही म्हणाले, उचलणं आणि खाली बसणं आजपासून बंद. तिने मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘तुझं बरं आहे ताई. तुला बसायचं काम मागायला साहेब तरी आहे.’